मेटाबो तपासणी (जपान)

मेटाबॉलिक सिंड्रोम (‘मेटाबो’) ओळखण्यासाठी जपानमध्ये ४० ते ७४ वर्षे वयाच्या आरोग्यविमाधारकांची दरवर्षी होणारी तपासणी व तिला जोडलेले आहार-व्यायाम मार्गदर्शन. एप्रिल २००८ पासून लागू. अधिकृत नावाचे संक्षिप्त रूप ‘तोकुतेइ केन्शिन’.

निकष : कमरेचा घेर उभ्याने, बेंबीच्या पातळीवर मोजतात. पुरुषांत ८५ सेंमी. व स्त्रियांत ९० सेंमी. किंवा अधिक घेर, आणि सोबत रक्तदाब, रक्तशर्करा वा रक्तातील मेद वाढलेला असल्यास मार्गदर्शन सुचवतात. घेर कमी पण बीएमआय २५ किंवा अधिक असणाऱ्यांचाही विचार होतो. धूम्रपानाची नोंद घेतात. घेराच्या मर्यादा २००५ मध्ये जपानी वैद्यक संस्थांनी पोटातील चरबीच्या सीटी स्कॅनवरून ठरवल्या. स्त्रियांची मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त असण्याबद्दल मतभेद आहेत. भारतात पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंमी. मानतात.

जबाबदारी : कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी करणे मालकावर १९७२ च्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. मेटाबो तपासणीचा भार मात्र विमासंस्थेवर असतो. ती कामात कमी पडल्यास ७५ वर्षांवरील वृद्धांच्या उपचारनिधीतील तिची वर्गणी वाढते. कंबर वाढली म्हणून कर्मचाऱ्याला दंड होतो, हा परदेशात पसरलेला समज चुकीचा आहे. शरीराच्या मापासाठी व्यक्तीला शिक्षा न करणे हे या योजनेचे सर्वांत अनुकरणीय अंग होय.

मार्गदर्शन : धोका कमी असल्यास एक भेट व नंतर आढावा; जास्त असल्यास किमान तीन महिने पाठपुरावा. डॉक्टर, आरोग्य परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ ते देतात. रक्तदाब, रक्तशर्करा वा मेदासाठी आधीच औषधे घेणाऱ्यांना वगळतात. २०२४ पासून २ सेंमी. घेर व २ किलो वजन घटल्यास सघन मार्गदर्शनाचे उद्दिष्ट पूर्ण झाले असे धरतात.

परिणाम : सुमारे ७५ हजार पुरुषांच्या नोंदींवरील अभ्यासात (२०२०) मार्गदर्शनास पात्र ठरलेल्यांचे वजन वर्षभरात सरासरी ०.२९ किलोने व घेर ०.३४ सेंमी.ने कमी आढळला; रक्तदाब, शर्करा व मेदात उल्लेखनीय सुधारणा दिसली नाही. कामाचे तास आणि जेवणाची वेळ तीच राहिली, तर वर्षातून काही वेळा दिलेल्या सल्ल्याकडून मोठी अपेक्षा करणे कर्मचाऱ्यावर अन्याय ठरेल.

उपाहारगृहे : वजनकाटे बनवणाऱ्या तानिता कंपनीचे कर्मचारी-उपाहारगृह प्रसिद्ध आहे. भात, सूप, मुख्य पदार्थ व भाज्या मिळून एक जेवण सुमारे ५०० किलोकॅलरींचे असते; मीठ बेताचे, भाज्या भरपूर आणि चिरताना तुकडे मोठे, म्हणजे चावणे वाढते. २०१० मध्ये आलेले तेथील पाककृतींचे पुस्तक लाखोंनी खपले. २०१२ मध्ये तोक्योच्या मारुनोउचि भागात कंपनीने सर्वांसाठी भोजनालय उघडले. कर्मचाऱ्याच्या ताटातच बदल करणारा हा मार्ग अधिक अभ्यासला जाण्यास पात्र आहे.

व्यायाम : १९२८ मध्ये सुरू झालेला रेडिओ-व्यायाम अनेक कार्यस्थळी आजही होतो.

व्याप्ती : मोठ्या कंपन्यांच्या विमासंघांत व सरकारी नोकरांत तपासणीचे प्रमाण जास्त असते. लहान आस्थापनांतील कामगार आणि कर्मचाऱ्यांचे अवलंबित कुटुंबीय मागे राहतात. चाळिशीखालील कर्मचारी योजनेबाहेरच आहेत.