समाधीशिलेवरची भाषा कोणाची?

सीमाभागात भाषेचा प्रश्न माणसाच्या मृत्यूनंतरही संपत नाही. दहनाची रीत असलेल्या घरांत तो क्वचितच उद्भवतो. परंतु लिंगायत व ख्रिस्ती कुटुंबांत दफन होते, समाधीवर शिला बसते आणि तिच्यावरील मजकूर कोणत्या भाषेत असावा यावरून भावंडांत मतभेद होतात. निपाणी परिसरातील मराठीभाषक लिंगायत घरात बोलणे मराठी, तर बसवण्णांची वचने कन्नड. एक भाऊ वडिलांच्या बोलीचा आग्रह धरतो, दुसरा धर्मवाङ्मयाच्या भाषेचा. दोघांचाही आग्रह प्रामाणिक असतो, हे आम्ही प्रथमच मान्य करतो.

इतिहास या बाबतीत उदार आहे. कर्नाटकातील वीरगळांवर हळेकन्नड लेख आढळतात. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ अक्षरांवाचूनच उभे आहेत. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायांशी चावुंडरायाने मूर्ती करविल्याची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरलेली आहे. तेथील मराठी लेख दहाव्या ते बाराव्या शतकातील मानले जातात. एका भाषेला स्थान देण्यासाठी दुसरी खोडावी लागली नाही.

पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने 1967 साली निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. त्या अहवालाची अंमलबजावणी झाली नाही. या दशकांत आजोबा मराठी शाळेत शिकले आणि नातू कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात. आजोबांच्या समाधीवरचे नाव नातवाला वाचता यावे की आजोबांना ते आपले वाटले असते एवढे पुरे, हा वाद तेथून आला.

आता कायद्याकडे पाहू. समाधीलेखाचा मजकूर वारसांपैकी कोणी ठरवावा, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. दफनभूमी ज्यांच्या ताब्यात असेल ती नगरपालिका, चर्च वा मठ यांचे नियम पाळावे लागतात. तथापि संविधानाचे अनुच्छेद 29(1) आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क देते. दुकाने, उद्योग, रुग्णालये यांच्या फलकांवर 60 टक्के कन्नड सक्तीचे करणाऱ्या 2024 च्या दुरुस्तीत समाधीशिलेचा उल्लेख नाही. परवानगी नाकारली गेली, तर तक्रारीचा अर्ज मराठीत देता येतो. अनुच्छेद 350 तसा अधिकार देते. भावना दुखावण्याच्या हेतूने दफनस्थानी अतिक्रमण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 नुसार गुन्हा आहे.

इंग्लंडमधील एक निवाडा येथे बोधप्रद आहे. कॉव्हेंट्रीजवळ एका आयरिश वंशाच्या कुटुंबाला आईच्या थडग्यावर आयरिश भाषेत ओळ कोरायची होती. भाषांतराविना ती राजकीय घोषणा वाटेल, असे म्हणून 2020 साली चर्चच्या न्यायालयाने परवानगी नाकारली. 2021 साली अपिलात तो निर्णय फिरला आणि भाषांतराची अट गेली. मातृभाषेतील शोक म्हणजे चिथावणी नव्हे, हे आम्हा सीमावासीयांना वेगळे सांगावे लागत नाही. परंतु हाच न्याय आपल्या घरातील कन्नडप्रेमी भावालाही लावावा लागेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. ज्येष्ठांनी आपली इच्छा हयातीतच लिहून ठेवावी. तिला मिळकतीच्या वाटणीसारखे कायदेशीर बळ नसले, तरी भावंडांत तिचे वजन राहते. इच्छा ठाऊक नसेल तर मृत व्यक्ती ज्या भाषेत जगली ती भाषा आधी कोरावी, आणि घरात दुसरी भाषा नांदत असेल तर तीही खाली यावी. कोरलेले अक्षर मात्र कोणीही खरवडू नये. मराठीसाठी न्याय मागणाऱ्यांनी हे पथ्य सर्वांत आधी पाळले पाहिजे.