मोबाइलवरील सवलत : हातातली आणि वायद्याची

नागपूर : सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरून वा मोदी क्रमांकाच्या गल्ल्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास फेरफटका मारला, की मोबाइलच्या दुकानांवरील फलकांत दोन तऱ्हेच्या किमती दिसतात. एक साधी, दुसरी ‘इफेक्टिव्ह प्राइस’. दुसरी ठळक असते आणि तिच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी असते. त्या चांदणीचा अर्थ फलकाच्या तळाशी, बहुधा इंग्रजीत आणि भिंग घेऊन वाचावा अशा अक्षरांत लिहिलेला असतो. ग्राहक मोठी अक्षरे वाचून आत शिरतो आणि गल्ल्यावर त्याच्याकडून पहिलीच किंमत घेतली जाते. फरकाची रक्कम ‘नंतर’ मिळणार असते.

हे ‘नंतर’ म्हणजे नेमके केव्हा, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर, यावरच त्या सवलतीची खरी किंमत ठरते. बिलातून तिथल्या तिथे वजा होणारी तत्काळ सवलत आणि पुढे मिळणारा परतावा यांत कागदावर फरक दिसत नाही. व्यवहारात तो मोठा असतो.

टपालाने परतावा : अमेरिकेतला धडा

परताव्याची ही पद्धत रुजली आणि फोफावली ती अमेरिकेत. तेथे फोन दूरसंचार कंपनीच्या दोन वर्षांच्या कराराबरोबर विकले जात. ग्राहकाने पूर्ण किंमत भरायची, खोक्यावरील बारकोड कापायचा, बिलाची प्रत आणि भरलेला अर्ज जोडून टपालाने पाठवायचा. काही आठवड्यांनी घरी धनादेश येई. आपल्याकडे साबणाची वेष्टने वा चहाच्या पाकिटाचे तुकडे जमवून पाठवण्याच्या योजना ज्यांना आठवतात, त्यांना ही रीत अगदीच अनोळखी वाटणार नाही.

विक्रेत्यांचे गणित सरळ होते. जाहिरातीत दिसते ती परतावा वजा जाता उरणारी किंमत, पण अर्ज सगळेच पाठवत नाहीत. कोणी विसरतो, कोणाचा बारकोड केराच्या टोपलीत जातो, कोणाचा अर्ज एक रकाना रिकामा राहिला म्हणून बाद होतो. आलेला धनादेश बँकेत न भरणारेही निघतात. या गळतीला त्या व्यवसायात ‘ब्रेकेज’ आणि ‘स्लिपेज’ अशी रीतसर नावेच आहेत. सवलत शंभरांना जाहीर करायची आणि शंभरांना द्यावी लागणार नाही हे धरूनच अंदाजपत्रक आखायचे, असा हा प्रकार.

मोबाइलच्या बाबतीत गाजलेले प्रकरण ‘इनफोनिक’ या ऑनलाइन विक्रेत्या कंपनीचे. परताव्याचा अर्ज करण्यापूर्वी ग्राहकाला सहा महिन्यांपर्यंत थांबावे लागते, ही बाब तिने पुरेशी स्पष्ट केली नाही, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २००७ मध्ये या प्रकरणी तडजोड झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याआधी २००५ मध्ये ‘कॉम्पयूएसए’ या संगणक विक्रेत्या साखळीवरही परतावे न दिल्याबद्दल याच आयोगाने कारवाई केली होती. ग्राहकांचा वैताग पाहून ‘बेस्ट बाय’ या बड्या साखळीने २००५ मध्येच टपाली परतावे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले.

आपल्याकडे टपाल नाही, रिचार्ज

भारतात ही पद्धत टपालाच्या रूपात फारशी आलीच नाही. आपल्याकडे हँडसेट आणि सिम वेगवेगळे विकत घेतले जातात आणि बहुसंख्य ग्राहक प्रीपेड आहेत. शिवाय छापील कमाल किमतीवरून भाव पाडून घेणे हा इथल्या गिऱ्हाइकाचा जुना हक्क. इतवारीत घासाघीस करणारा माणूस सिव्हिल लाइन्सच्या टपाल कार्यालयात अर्ज टाकून धनादेशाची वाट पाहील, हे संभवत नव्हते. मात्र परताव्याची मूळ कल्पना वेश बदलून आलीच.

जुलै २०१७ मध्ये रिलायन्स जिओने ‘जिओफोन’ जाहीर केला. त्याची परिणामी किंमत शून्य असल्याचे सांगण्यात आले, तरी १५०० रुपये अनामत म्हणून भरायची होती आणि तीन वर्षांनी फोन परत केल्यावर ती मिळायची होती. प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी अटी पुढे आल्या, तेव्हा दरवर्षी किमान १५०० रुपयांचे रिचार्ज करण्याचे बंधन त्यांत होते. म्हणजे ‘फुकट’ फोनसाठी तीन वर्षांत किमान साडेचार हजारांचे रिचार्ज, आणि शेवटी फोनही परत.

ऑक्टोबर २०१७ मध्ये एअरटेलने कार्बन कंपनीच्या ‘ए-४० इंडियन’ या स्मार्टफोनसाठी १३९९ रुपये ही परिणामी किंमत जाहीर केली. दुकानात मात्र २८९९ रुपये द्यावे लागत. मधले १५०० रुपये दोन हप्त्यांत परत मिळायचे होते : १८ महिन्यांनी ५०० आणि ३६ महिन्यांनी १०००. त्यासाठी दरमहा १६९ रुपयांचे रिचार्ज सलग करायचे किंवा पहिल्या १८ महिन्यांत ३००० आणि पुढील १८ महिन्यांत ३००० रुपयांचे रिचार्ज पूर्ण करायचे होते. इथे फोन परत करण्याची अट नव्हती, हे या योजनेचे उजवेपण.

याच कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये साधारण १२ हजार रुपयांपर्यंतच्या स्मार्टफोनवर ६००० रुपयांच्या परताव्याची योजना आणली. ३६ महिने २४९ रुपये वा त्याहून मोठ्या पॅकचे रिचार्ज सलग करायचे. १८ महिन्यांनी २००० आणि ३६ महिन्यांनी उरलेले ४००० रुपये मिळायचे. या योजनेचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे.

तीन वर्षांनी मिळणारे सहा हजार आजचे सहा हजार नसतात. वार्षिक सात टक्के व्याज धरले, तर दीड वर्षाने येणाऱ्या २००० रुपयांचे आजचे मोल सुमारे १८०७ आणि तीन वर्षांनी येणाऱ्या ४००० रुपयांचे सुमारे ३२६५ रुपये होते. एकूण ५०७२. दुकानदाराने बिलातून ५१०० रुपये तिथल्या तिथे वजा केले, तर ते या सहा हजारांपेक्षा सरस. आणि हे सर्व अटी बिनचूक पाळल्या असे गृहीत धरून.

अटींचेही पाहा. त्या वेळचा २४९ रुपयांचा पॅक २८ दिवसांचा होता. तीन वर्षांचे दिवस १०९५. त्यांना २८ ने भागले की ३९ रिचार्ज होतात, ३६ नव्हे. त्यातच योजना जाहीर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, २६ नोव्हेंबर २०२१ पासून कंपनीने दरवाढ केली आणि २४९ चा पॅक २९९ रुपयांना झाला. परताव्याची रक्कम आधीच ठरलेली आणि रिचार्जचा दर मात्र कंपनीच्या हाती, ही अशा योजनांतली खरी विषमता आहे. जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय आली, तिच्यावरही परताव्याचा हा दोर आपसूक आळा घालतो. दुसऱ्या कंपनीकडे गेलात की परतावा गेला.

परतावा रोखीने न देता ‘व्हाउचर’ने देण्याचा प्रकार याहून चतुर. फेब्रुवारी २०१८ मधील जिओच्या ‘फुटबॉल ऑफर’मध्ये नव्या स्मार्टफोनच्या खरेदीवर २२०० रुपयांचा कॅशबॅक होता. तो प्रत्येकी ५० रुपयांच्या ४४ व्हाउचरच्या रूपात मिळे आणि त्याच कंपनीच्या पुढील रिचार्जवर एकेक करून वापरता येई. ४४ व्हाउचर संपवायला ४४ रिचार्ज! याला परतावा म्हणण्यापेक्षा भावी खरेदीवरची सूट म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

बँकेच्या कार्डावरची सवलत

अलीकडे सवलतींचा मोठा भाग बँकांच्या कार्डांतून येतो. त्यातही दोन जाती आहेत. तत्काळ सवलतीत कार्ड ओढतानाच रक्कम कमी होते. कॅशबॅकमध्ये पूर्ण रक्कम कापली जाते आणि दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, सवलतीची रक्कम खात्यात जमा होते. पुष्कळदा ठरावीक यंत्रावर, ठरावीक पर्याय निवडून आणि फोनचा आयएमईआय क्रमांक नोंदवूनच व्यवहार केला, तरच तो योजनेत धरला जातो. गर्दीच्या वेळी दुकानातील पोऱ्याने साध्या पद्धतीने कार्ड ओढले, तर फोन मिळतो, सवलत मिळत नाही, आणि हे ग्राहकाला तीन महिन्यांनी कळते. मित्राच्या किंवा मेहुण्याच्या कार्डावर फोन घेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. अशा वेळी कॅशबॅक कार्डधारकाच्या खात्यात जमा होतो, हे आधी बोलून घेतलेले बरे.

समजा, २० हजारांच्या फोनवर एका दुकानात १५०० रुपये तत्काळ सूट आहे आणि दुसऱ्यात ९० दिवसांनी २००० रुपये कॅशबॅक. तीन महिन्यांच्या व्याजाचा फरक किरकोळ, जेमतेम ३४ रुपये. प्रश्न व्याजाचा नाही, खात्रीचा आहे. असा कॅशबॅक चारांपैकी तिघांनाच पदरात पडत असेल, तर दोन्ही योजनांचे सरासरी मोल सारखेच होते. त्याहून कमी खात्री वाटत असेल, तर हातातले १५०० घ्यावेत. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ओढणाऱ्यांना तर ही तुलना आणखी महाग पडते. दरमहा साडेतीन टक्के आकार धरला, तर अडकलेल्या २००० रुपयांवर तीन महिन्यांत २१० रुपये व्याजच जाते.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा याच कुळातला. यात बँक व्याज घेतेच. तेवढी रक्कम विक्रेता वा उत्पादक आधी सवलत म्हणून वजा करतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात घेतली होती. २४ हजारांचा फोन चार हजारांच्या सहा हप्त्यांत घेतला आणि बँकेचा दर १५ टक्के धरला, तर व्याज सुमारे १०१६ रुपये होते. ते सवलतीने फिटते, पण त्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे १८३ रुपये, ग्राहकाच्या माथी येतो. १९९ रुपये प्रक्रिया शुल्क असल्यास करासह २३५ रुपये आणखी. ‘नो कॉस्ट’ची किंमत अशी चारशेच्या वर जाते.

बिलात काय दिसते ?

मोबाइलवरील वस्तू व सेवा कर एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ च्या नव्या दररचनेतही तो तेवढाच राहिला. विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात नोंदवलेली सवलत करपात्र मूल्यातून वगळली जाते, अशी तरतूद कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. बँकेमार्फत नंतर येणारा कॅशबॅक दुकानदाराच्या बिलात दिसत नाही. कर पूर्ण किमतीवर लागतो. घरगुती ग्राहकाला जाहिरातीतील किंमत करासहितच सांगितली जात असल्याने त्याला हा फरक वेगळा जाणवत नाही. मात्र जी सूट बिलावर छापली आहे, तिच्याबद्दल पुढे वादच उरत नाही. दुकानदाराने तोंडी सांगितलेला परतावा बिलाच्या कोपऱ्यात लिहून, सही-शिक्क्यासह घेण्याचा आग्रह धरला, तर निदान त्याचा स्वतःचा त्यावर किती विश्वास आहे, हे तरी समजते.

परतावा अडला तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. भेट वा अन्य वस्तू देण्याचा इरादा नसताना ती देऊ करणे आणि किमतीत दाम वसूल करून एखादी गोष्ट मोफत असल्याचा आभास निर्माण करणे, या दोन्ही बाबी त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. बिल न देणे हीसुद्धा. जून २०२२ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत एक तरतूद मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे : जाहिरातीतील दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत आणि त्याच टंकात त्याच्या अटीही असल्या पाहिजेत. ठळक मराठीत ‘फक्त’ आणि तळाशी बारीक इंग्रजीत अटी, ही बर्डीतल्या फलकांची नेहमीची तऱ्हा या कसोटीवर टिकत नाही.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे कंपनीला लेखी मागणी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. तेवढ्याने काम झाले नाही, तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे दार आहे. विक्रेता कंपनी दिल्लीची असो वा बंगळुरूची, ग्राहक जेथे राहतो वा नोकरी-धंदा करतो, तेथे त्याला तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून ती ऑनलाइनही करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दीड आणि तीन वर्षांच्या परताव्यांत हे कारण बहुधा परतावा नाकारला त्या दिवशी घडते. तोवर जाहिरातीचे छायाचित्र, अटींचा कागद आणि रिचार्जच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात. बिलाची शाई उष्णतेने उडणारी असेल, तर घरी पोहोचताच त्याची झेरॉक्स काढावी. नागपूरच्या उन्हाळ्यात पाकिटातले असे बिल कोरे होते.