मुठीत मावणारा भार : शिसे, टंगस्टन आणि युरेनियम यांचा इतिहास

१/१३
सप्टेंबर १९७३. इंग्लंडमधील पोर्ट्समथ बंदरातून शिडाच्या नौकांची पहिली व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यत सुरू झाली. फ्रान्सचे विख्यात नाविक एरिक ताबार्ली यांच्या ‘पेन द्युइक ६’ या नौकेची कील, म्हणजे तळाचा भारवाही कणा, शिशाची नव्हती. ती युरेनियमची होती. एका क्रीडानौकेत हा धातू कसा पोहोचला? त्याचे उत्तर जवळपास दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

२/१३
प्रश्न मुळात जागेचा आहे. एक लिटरच्या मापात पाणी भरले तर ते एक किलो भरते. तेवढेच लोखंड ७.९ किलो, शिसे ११.३, युरेनियम १९, टंगस्टन आणि सोने प्रत्येकी सुमारे १९.३, तर प्लॅटिनम २१.५ किलो. जिथे भार हवा पण जागा नाही, तिथे या आकड्यांतला फरक निर्णायक ठरतो.

३/१३
शतकानुशतके या प्रश्नाचे उत्तर एकच होते : शिसे. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या चुलीवरही ओतता येते. मासेमारीच्या जाळ्याची वजने, गवंड्याचा ओळंबा, समुद्राची खोली मोजण्याचा बुडीद, जहाजाचे नीरम, सर्वत्र तेच. स्वस्त, मऊ आणि कुठेही मिळणारे. ते विषारी आहे, याकडे मात्र फार काळ डोळेझाक झाली.

४/१३
शिशाहून जड असे सोने आणि प्लॅटिनम माणसाला ठाऊक होते. पण ओझे म्हणून सोने कोण वापरणार? स्वस्त पर्यायाची चाहूल स्वीडनमध्ये लागली. तिथल्या एका खनिजाला लोक ‘टंगस्टन’ म्हणत, म्हणजे जड दगड. १७८१ साली कार्ल विल्हेल्म शेले यांनी त्यातून एक नवे आम्ल वेगळे केले. १७८३ साली स्पेनमधील बेर्गारा येथे हुआन होसे आणि फाउस्तो एलुयार या बंधूंनी वुल्फ्राम खनिजापासून प्रत्यक्ष धातू मिळवला.

५/१३
धातू मिळाला, पण घडवता येईना. टंगस्टन वितळण्यासाठी ३४२२ अंश सेल्सिअस तापमान लागते. सर्व धातूंत हे सर्वाधिक. इतकी उष्णता सोसून धातू ओतून घेईल असा साचा आणायचा कुठून? त्यामुळे विजेच्या दिव्यातील तार आणि पोलादातील मिश्रण अशा कामांसाठीच तो दीर्घकाळ मुख्यतः उपयोगी राहिला. त्याची घनता जणू वाया जात होती.

६/१३
मार्ग निघाला तो रुग्णालयाच्या गरजेतून. १९३० च्या दशकात कर्करोगावर रेडियमच्या किरणांनी उपचार होत. किरण अडवणारे आवरण जाड शिशाचे केले तर उपकरण अवजड होई. इंग्लंडच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या वेम्ब्ली येथील संशोधकांनी टंगस्टनच्या भुकटीत थोडे निकेल आणि तांबे मिसळून ती दाबली व भट्टीत तापवली. निकेल-तांब्याचा रस होऊन त्याने टंगस्टनचे न वितळलेले कण सांधले. टंगस्टन न वितळवताच शिशाच्या जवळपास दीडपट घनतेचा, यंत्रावर कातता येणारा मिश्रधातू तयार झाला. १९३८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

७/१३
लगेच महायुद्ध आले. रणगाड्याचे चिलखत भेदणाऱ्या गोळ्याचा गाभा लहान आणि जड हवा. हत्यारी पोलादालाही टंगस्टन हवेच. युरोपात ते मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये मिळे. तटस्थ पोर्तुगाल ते ब्रिटनलाही विकत होता आणि जर्मनीलाही. दोस्तराष्ट्रे तर केवळ जर्मनीच्या हाती पडू नये म्हणून चढ्या भावाने खरेदी करत. शेतकरी शेती सोडून डोंगर खणू लागले. अखेर जून १९४४ मध्ये सालाझार यांनी निर्यात बंद केली.

८/१३
या चणचणीचा एक परिणाम विलक्षण आहे. हिटलरचे शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट स्पेअर यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की, १९४३ च्या उन्हाळ्यात त्यांनी गोळ्यांच्या गाभ्यासाठी सुमारे १२०० टन युरेनियम वापरायला मोकळे केले. अणुबाँब युद्धकाळात होणे नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते. ज्या धातूत अणुशक्ती शोधली जात होती, तो इथे केवळ वजनासाठी वापरायचा ठरला.

९/१३
युद्धानंतर चित्र पालटले. नैसर्गिक युरेनियममध्ये अणुभट्टीला उपयोगी असलेला २३५ भाराचा अंश अवघा ०.७ टक्के असतो. तो वाढवताना जे उरते ते ‘क्षीण युरेनियम’. समृद्धीकरण करणाऱ्या देशांत त्याचे ढीग साचले. किरणोत्सार सौम्य, घनता मात्र तीच. सरकारला ते कुठेतरी खपवायचेच होते आणि कारखानदारांना स्वस्त भार हवा होता. सुरुवातीच्या बोईंग ७४७ विमानांच्या शेपटीत, सुकाणूंच्या पृष्ठांचा तोल साधण्यासाठी, हीच वजने बसवली गेली.

१०/१३
ताबार्ली यांची कील याच साठ्यातून, फ्रेंच अणुऊर्जा आयोगाकडून आली. नौकेला याचा लाभ असा, की जड धातू कमी जागा घेतो, भार अधिक खोल जातो आणि नौका शिडांचा जोर अधिक पेलते. पण त्या शर्यतीत नौकेची डोलकाठी दोनदा मोडली आणि विजय हुकला. १९७६ साली मात्र मोठ्या चमूसाठी बांधलेली तीच नौका एकट्याने हाकून ताबार्ली यांनी अटलांटिक पार करण्याची शर्यत जिंकली. पुढे नियमांनी या धातूला मज्जाव केला आणि कालांतराने तिथे शिशाची कील आली.

११/१३
४ ऑक्टोबर १९९२. एल अल कंपनीचे मालवाहू ७४७ विमान अ‍ॅमस्टरडॅमच्या बेल्मरमेर वस्तीतील इमारतींवर कोसळले. ४३ जणांचा मृत्यू झाला. विमानात २८२ किलो क्षीण युरेनियम होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक सापडलेच नाही. जळताना या धातूची सूक्ष्म भुकटी होते. रहिवासी आणि बचावकर्मी वर्षानुवर्षे प्रकृतीच्या तक्रारी मांडत राहिले. अखेर डच संसदेला चौकशी करावी लागली. तज्ज्ञांच्या मते युरेनियममुळे व्यापक आजार होणे संभवनीय नव्हते; पण आपल्या डोक्यावरून काय उडते आहे, हे लोकांना आधी कुणी सांगितले नव्हते, ही गोष्ट उरतेच. बोईंगने त्याआधीच, १९८१ च्या सुमारास, नव्या विमानांसाठी टंगस्टनची वाट धरली होती.

१२/१३
शिशाचाही हिशेब याच सुमारास झाला. ब्रिटनमध्ये गळाची शिशाची वजने गिळून राजहंस मरत. म्हणून १९८७ पासून सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिसे-वजनांच्या विक्रीवर तिथे बंदी आली. आज गळाच्या वजनापासून शर्यतीच्या मोटारीतील भारापर्यंत टंगस्टन दिसते. त्याची घनता सोन्याशी इतकी जुळते की बनावट सोन्याच्या विटांत तेच भरतात. आर्किमिडीजची पाण्यातली कसोटीही तिथे निरुपयोगी ठरते.

१३/१३
मात्र खाणीतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे चार पंचमांश आज एकट्या चीनमधून येते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रणे घातली. भारतात राजस्थानातील देगाणा येथे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून हे खनिज काढले जाई; ती खाण गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. आपल्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना परिसरातही त्याचे साठे नोंदले गेले आहेत. शिसे स्वस्त होते, कारण त्याच्या विषाची किंमत कुणी मोजली नाही. युरेनियम स्वस्त होते, कारण तो दुसऱ्याच उद्योगाचा कचरा होता. टंगस्टनची किंमत आता आपल्यासमोर आहे : ती परावलंबनात मोजायची की आपल्याच डोंगररानांत, हे आपल्याला ठरवावे लागेल.