लाहोरचा ठेका, मुंबईचा पडदा

१/ १४ मार्च १९३१. गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि हिंदुस्तानी पडद्याला वाचा फुटली. त्या पहिल्या बोलपटातील एक नट होता पंजाबचा तरुण, पृथ्वीराज कपूर.

२/ मूकपटाला भाषेची गरज नव्हती. बोलपटाला मात्र शुद्ध हिंदुस्तानी उच्चार हवे होते. पंजाबातील शाळा-कचेऱ्यांचा बराच व्यवहार उर्दूतून चाले. साहजिकच तेथील कलावंतांना ही भाषा परकी नव्हती. पंजाबी घराण्यातील कुंदनलाल सैगल कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये पोहोचले आणि १९३५ च्या ‘देवदास’ने घराघरांत गेले.

३/ पण पंजाबने केवळ उच्चार दिले नाहीत, तालही दिला. लाहोरात दलसुख पंचोली यांच्या ‘खजांची’ (१९४१) या चित्रपटात संगीतकार गुलाम हैदर यांनी ढोलकाचा पंजाबी लोकठेका चित्रगीतात खेळवला. शमशाद बेगम यांचा खणखणीत आवाज त्यावर स्वार झाला. चित्रपट देशभर गाजला. पुढच्याच वर्षी त्यांच्याच ‘खानदान’ने नूरजहाँ ही नायिका आणि प्राण हा नायक पुढे आणला.

४/ यानंतर गुलाम हैदर मुंबईत आले. येथे त्यांनी एका मराठी मुलीचा आवाज हेरला. ‘शहीद’साठी निर्माते शशधर मुखर्जी यांनी तो ‘फार बारीक’ म्हणून नाकारला, तेव्हा हैदर यांनी ‘मजबूर’ (१९४८) मध्ये तिलाच गाणे दिले. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. हैदर यांचे हे ऋण त्या आयुष्यभर सांगत राहिल्या.

५/ तोवर फाळणीने लाहोर आणि मुंबई यांच्यामध्ये सीमारेषा ओढली होती. प्राण लाहोर सोडून मुंबईस आले. नूरजहाँ मुंबई सोडून पाकिस्तानात गेल्या. गुलाम हैदरही लाहोरास परतले आणि १९५३ मध्ये तेथेच निवर्तले.

६/ त्यांचा ठेका मात्र मुंबईतच राहिला. १९५७ चा ‘नया दौर’ पाहावा. दिग्दर्शक बी. आर. चोप्रा, संगीतकार ओ. पी. नय्यर, गायिकांमध्ये शमशाद बेगम. तिघांचेही पूर्वायुष्य लाहोरात गेलेले. गाव हातचे गेले होते. गाण्यांतला ढोलक तेवढा सोबत आला होता.