आधी तुकडा, मग शहर, मग मावळ

लोणावळ्याकडे जमीन घेणारा माणूस हल्ली पहिला प्रश्न विचारतो, "झोन कुठला?" हा शब्द आपल्या सातबाऱ्याशेजारी येऊन बसायला बरीच वर्षं लागली.

मुंबई इलाख्यात पहिला नगररचना कायदा झाला १९१५ साली. त्यात विचार होता शहरातल्या एखाद्या तुकड्याचा. वेडेवाकडे भूखंड एकत्र करायचे, रस्ते आखायचे आणि नीट आकाराचे भूखंड मालकांना परत द्यायचे. १९५४च्या कायद्याने संपूर्ण शहराची विकास योजना सक्तीची केली. तो अमलात आला १९५७ मध्ये. मग १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला, जानेवारी १९६७ पासून लागू झाला, आणि खेड्यातली शेती, डोंगर, नद्याही नकाशात आल्या.

लोणावळ्याला नगरपालिका १८७७ पासूनची. आसपासच्या खेड्यांना मात्र नकाशा भेटला तो प्रादेशिक योजनेतून. २०१५ मध्ये पीएमआरडीए स्थापन झाली आणि मावळातल्या गावांचं नियोजन तिच्याकडे गेलं. २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागाला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, तेव्हा लोणावळा नगरपरिषद तिच्यातून वगळलेली होती. म्हणजे एकाच तालुक्यात, शेजारीशेजारी, वेगवेगळे नियम!

या सगळ्या पायऱ्यांत सामान्य माणसाचं बोलणं ऐकून घेण्याची मोठी जागा म्हणजे हरकती व सूचनांची मुदत. ती उलटली, की कुणाच्या भातखाचरावर रस्त्याची रेघ कायम होऊ शकते. तेव्हा नोटीस लागली, की आपला गट नंबर नकाशात शोधा. वाचता येणाऱ्याने शेजाऱ्यालाही वाचून दाखवावा.