आखूड नळीचे रिमफायर रिव्हॉल्व्हर : अमेरिकेतील मालकी, वापर आणि कायदा (१८५७ ते १९८८)

प्रस्तावना

शस्त्रांच्या इतिहासात अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने रणभूमीवरील शस्त्रांकडे जाते. खिशात मावणाऱ्या, सैन्याने अधिकृतपणे न स्वीकारलेल्या शस्त्राची दखल त्यात अभावानेच घेतली जाते. आपल्या महाविद्यालयांत .२२ हा आकडा परिचित आहे तो एन.सी.सी.च्या रायफलीमुळे. सरावाचे, काहीसे निरुपद्रवी काडतूस अशीच त्याची ओळख आहे. अमेरिकेत मात्र हे काडतूस रूढ झाले ते खिशातील रिव्हॉल्व्हरसाठी. हे शस्त्र लहान म्हणून दुर्बळ मानायचे की लहान म्हणूनच घातक, या प्रश्नाची तेथील लेखक, न्यायालये व विधिमंडळे यांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांमागे शस्त्र कोणाला परवडावे हा प्रश्नही दडलेला होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काडतुसाची रचना

पॅरिसमधील बंदूक कारागीर फ्लोबेर याने १८४५ मध्ये दिवाणखान्यातील नेमबाजीसाठी एक चिमुकले काडतूस तयार केले. त्यात स्वतंत्र दारू नव्हती. केवळ स्फोटक संयुगाच्या जोरावर गोळी सुटत असे. होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांनी त्यात सुधारणा केली. तांब्याच्या पातळ कवचाच्या दुमडलेल्या काठात स्फोटक द्रव्य भरायचे, पोटात काळी दारू घालायची आणि घोड्याचा आघात काठावर करायचा, ही रिमफायर पद्धत होय. या रचनेतच तिची मर्यादाही आहे. आघाताने काठ चेपला जावा म्हणून कवच पातळ ठेवावे लागते आणि पातळ कवच मोठा दाब सोसू शकत नाही. म्हणजे शस्त्राचा लहान आकार ही केवळ ग्राहकांची आवड नव्हती. तो काडतुसाने लादलेला होता.

मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे १८५७ मध्ये स्मिथ आणि वेसन कंपनीचे पहिले रिव्हॉल्व्हर, ‘मॉडेल क्रमांक १’, तयार झाले. त्यात सात काडतुसे बसत आणि नळी जेमतेम सव्वातीन इंचांची होती. गोळीचे वजन दोन ग्रॅमहून कमी, तर दारू सुमारे पाव ग्रॅम. तत्कालीन सैनिकी कोल्टची गोळी याच्या चौपटीहून जड असे. आरंभीच्या काडतुसांचे बूड स्फोटाने फुगून सिलिंडर अडकत असे. म्हणून पहिल्या नमुन्यांत सिलिंडरमागे फिरती तबकडी बसवावी लागली.

तरीही सोय मोठी होती. प्रचलित रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक कप्प्यात दारू व गोळी ठासून मागे तांब्याची टोपी बसवावी लागे. ओलसर हवेत ती फुकट जाण्याचे भय असे. येथे नळी वर उचलायची, सिलिंडर काढायचा, नळीखालच्या काडीने रिकामी कवचे ढकलून द्यायची आणि नवी काडतुसे भरायची. शस्त्रविद्येचे शिक्षण न घेतलेला दुकानदारही हे काम करू शकत असे.

पेटंट व मक्तेदारी

आरपार छिद्रे असलेल्या सिलिंडरचे पेटंट रॉलिन व्हाइट याने ३ एप्रिल १८५५ रोजी घेतले होते. पुढच्याच वर्षी स्मिथ आणि वेसन यांनी त्याच्याशी करार केला. त्यानुसार व्हाइटला प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे पंचवीस सेंट मिळणार होते. मात्र पेटंटचे उल्लंघन करणाऱ्यांशी त्याने स्वखर्चाने लढायचे होते. कराराचे हे दुसरे कलम वाचताना भागीदारांच्या व्यवहारचातुर्याचे कौतुक वाटते आणि व्हाइटची कीवही येते. खटले त्याने जिंकले. पण मिळालेल्या पैशाला त्यांनीच मोठी गळती लावली.

यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) सैन्याने हे रिव्हॉल्व्हर सैनिकांना दिले नाही. ते सैनिकांनी स्वतःच्या पैशांनी घेतले, आणि मागणी उत्पादनाच्या पुढे गेली. १८८२ पर्यंत या मॉडेलचे अडीच लाखांहून अधिक नग तयार झाले. त्याची थट्टाही झाली. मार्क ट्वेनने १८७२ च्या ‘रफिंग इट’मध्ये त्याच्या गोळीच्या क्षुद्रतेवर आणि न लागणाऱ्या नेमावर विनोद केले आहेत. विनोद रास्त आहेत. परंतु लोक ते नेमबाजीसाठी नव्हे, तर खिशातील दिलाशासाठी विकत घेत होते.

पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली. व्हाइटला मुदतवाढीची संधी देणारे विधेयक काँग्रेसने संमत केले. जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारले. युद्धकाळात या पेटंटमुळे इतर उत्पादकांचे हात बांधले गेले व सरकारची अडचण झाली, असा लष्करी शस्त्रविभागाचा आक्षेप त्यामागे होता. त्यानंतर आयव्हर जॉन्सन, हॉपकिन्स आणि ॲलन अशा अनेक उत्पादकांची स्वस्त रिव्हॉल्व्हरे बाजारात आली. आता मजुराच्या खिशातही रिव्हॉल्व्हर आले.

आकार, किंमत आणि कायदा

टेनेसी राज्याने १८७९ मध्ये सैन्य व नौदलाच्या प्रकाराखेरीज सर्व पिस्तुलांच्या विक्रीस बंदी केली. १८८१ मध्ये अर्कान्साने तोच मार्ग धरला. कायद्याचा घोषित तर्क सरळ होता : मोठे रिव्हॉल्व्हर लपवता येत नाही, लहान लपवता येते. परंतु मोठे रिव्हॉल्व्हर महाग होते आणि अनेक माजी सैनिकांकडे ते आधीपासूनच होते. नुकत्याच गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना व गरीब गोऱ्यांना परवडणारे शस्त्रच तेवढे बेकायदा ठरले. वंशद्वेष हाच कायद्याचा हेतू होता की गुप्त शस्त्रांनी होणाऱ्या हिंसेचा बंदोबस्त, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कायद्याच्या शब्दांत वंशाचा उल्लेख नाही. परिणाम मात्र किमतीनुसार झाला, हे नाकारता येत नाही.

हाच तर्क १९६८ च्या संघीय शस्त्रनियंत्रण कायद्यात पुन्हा दिसतो. क्रीडोपयोगी नसलेल्या पिस्तुलांची आयात त्याने रोखली आणि त्याच्या अंमलबजावणीत आयात रिव्हॉल्व्हरची नळी किमान तीन इंच असण्याची अट आली. तथापि सुट्या भागांची आयात खुली राहिली. जर्मन भाग आणून मायामीत जोडलेले आर.जी. १४ हे .२२ चे, पावणेदोन इंच नळीचे रिव्हॉल्व्हर या फटीतूनच बाजारात आले. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये जॉन हिंकलीने त्यातून सहा गोळ्या झाडल्या. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यासह चौघे जखमी झाले. रेगन यांना लागलेली गोळी मोटारीवर आदळून उडालेली होती. तरीही ती हृदयाजवळ पोहोचली. वृत्तसचिव जेम्स ब्रेडी यांच्या मेंदूला इजा झाली. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या जखमेमुळे तो मनुष्यवध ठरवण्यात आला. ट्वेनच्या विनोदातील क्षुद्र गोळीचे हे दुसरे रूप होय.

नेमबाजीच्या दृष्टीने मात्र ट्वेनचे निरीक्षण आजही टिकते. आखूड नळीमुळे पुढची माशी व मागची खाच यांतील अंतर कमी असते. त्यामुळे हाताचा किंचित कंप लक्ष्यावर मोठी चूक होऊन उमटतो. काठ चेपण्यासाठी घोड्याचा आघात जोरकस लागतो, म्हणून अशा रिव्हॉल्व्हरचा चापही बहुधा जड असतो. धक्का नगण्य व काडतूस स्वस्त, म्हणून सरावासाठी ते घेणारे पुष्कळ. पण त्यावर प्रभुत्व मिळवणे नवशिक्याचे काम नाही.

मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये केली विरुद्ध आर.जी. इंडस्ट्रीज या खटल्यात अशा स्वस्त पिस्तुलांपासून होणाऱ्या इजेला उत्पादकही जबाबदार असल्याचे मान्य केले. १९८८ च्या कायद्याने ती जबाबदारी काढून घेतली आणि तिच्या जागी विक्रीयोग्य पिस्तुलांची यादी आणली. त्याच वर्षीच्या सार्वमताने कायदा कायम ठेवला. यादीच्या निकषांत लपवण्याची सुलभता होती, तशीच धातूची व घडणीची प्रतही होती. स्मिथ आणि वेसन कंपनीचे १९५३ पासूनचे मॉडेल ३४ हेही .२२ चेच रिव्हॉल्व्हर. मासेमारीच्या सामानात बाळगायचे म्हणून त्याला ‘किट गन’ म्हणत. त्याची दोन इंची नळीची आवृत्तीही मिळत असे, परंतु ते देशी बनावटीचे असल्यामुळे १९६८ ची तीन इंचांची अट त्याला कधीच लागू झाली नाही.