तीन पौंडांचा परवाना

१/ परदेशात राबायचे आणि तिथे राहण्यासाठी दरवर्षी पैसे मोजायचे! दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीचा हा इतिहास.

२/ १८६० पासून हिंदी मजूर पाच वर्षांच्या गिरमिटावर तेथील उसाच्या मळ्यांत नेले जात. वेतन पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग, पाचव्या वर्षी १४.

३/ १८९५ च्या कायद्याने गिरमिट संपलेल्यांपुढे तीनच वाटा ठेवल्या : मायदेशी परतणे, पुन्हा गिरमिट लिहून देणे, किंवा दरसाल ३ पौंड भरून वास्तव्याचा परवाना घेणे. वसाहतीची मूळ मागणी तर २५ पौंडांची होती!

४/ ३ पौंड म्हणजे ६० शिलिंग. गिरमिटाच्या अखेरच्या वर्षातील चार महिन्यांहून अधिक वेतन. पुढे १६ वर्षांवरील मुलगे व १३ वर्षांवरील मुलींवरही हाच भार पडला.

५/ १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले तेथे जाऊन मंत्र्यांना भेटले. कर रद्द होईल, अशा समजुतीने ते परतले. सरकारने मात्र असे वचन दिल्याचे नाकारले.

६/ १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील मजुरांनी काम थांबवले. संप मळ्यांपर्यंत पसरला. १९१४ मध्ये हा कर रद्द झाला.

७/ परवान्याचा हेतू महसुलापेक्षा वेगळा होता : मजूर हवा, पण स्वतंत्र रहिवासी नको.